तालुक्यातल्या चित्रकथाकाराचं पान विकिपीडियावर टिकेल का? लिहायला बसण्याआधी ठरवायची रीत

दारव्हा, पुसद, वाशीम, आर्वी, चिमूर. आमच्या या भागातून मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "सर, आमच्या बाबांचं पान बनवलं होतं, ते कामून उडवलं?" बाबा म्हणजे कुणी व्यंगचित्रकार, कुणी मुलांच्या मासिकात चित्रकथा काढलेले चित्रकला शिक्षक. पान बनवणाऱ्या मुलानं किंवा विद्यार्थ्यानं मनापासून राबून लिहिलेलं असतं. लिहिण्यात चूक क्वचितच सापडते. चूक असते क्रमात. आधी पान लिहून होतं आणि कुणी हरकत घेतली की मग संदर्भांची शोधाशोध सुरू होते.

मीही हेच केलं होतं. मला चित्रकला शिकवणाऱ्या गुरुजींवर मी पहिलं पान लिहिलं. ते विकिपीडियावरून काढलं जाईपर्यंत गुरुजींचं ते गावात सगळ्यांना दाखवून झालं होतं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो विषयही कधी काढला नाही. ती गोष्ट मला अजून टोचते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आधी ठरवा आणि मग लिहा.

ठरवायचं एवढंच: या कलाकाराशी देणंघेणं नसलेल्या माणसांनी, भरवशाच्या छापील किंवा ऑनलाइन ठिकाणी, त्याच्याविषयी पुरेसं सविस्तर लिहिलं आहे का? विकिपीडियाच्या भाषेत याला उल्लेखनीयता म्हणतात. कलाकाराचा हात किती चांगला, माणूस किती सज्जन, त्यानं किती विद्यार्थी घडवले, यावर ती ठरत नाही.

## तयारी

दोनशेपानी वही घ्या. दर पानावर सहा रकाने आखा: कुठे छापलं, तारीख, कोणती आवृत्ती, पान क्रमांक, कुणी लिहिलं, आणि कलाकाराविषयी नेमक्या किती ओळी आहेत. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, आणि लोक नेमका तोच आखत नाहीत.

नावाची सगळी रूपं एका पानावर लिहा. शि. द. फडणीस कुठे 'शि. द. फडणीस', कुठे 'एस. डी. फडणीस', तर कुठे 'शिवराम दत्तात्रेय फडणीस' असे सापडतात. आपल्या कलाकाराचंही तसंच असणार. टोपणनाव, चित्राच्या कोपऱ्यातली सही, पेपरवाल्यांनी चुकीचं छापलेलं आडनाव, गावाचं नाव जोडलेलं रूप, सगळं टिपा. सहीचा फोटो काढून ठेवा. जुनी पानं उलटताना डोळा आधी सहीवर जातो, नावावर नंतर.

विकिपीडियावर स्वतःचं खातं उघडा आणि पहिले काही दिवस आपल्या गावाच्या, तालुक्याच्या पानावरच्या बारीक चुका दुरुस्त करा. इंग्रजी विकिपीडियावर खातं चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झालेली असल्याशिवाय थेट नवं पान बनवताच येत नाही. मराठीत लिहायचं असलं तरी ही सवय उपयोगी पडते. नवं खातं उघडून त्याच दिवशी एकाच माणसावर मोठं पान टाकलं की प्रचालकांना, म्हणजे पानं काढण्याचे अधिकार असलेल्या संपादकांना, ते जाहिरातीसारखं दिसतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तपासा: वहीत अजून एकही नोंद नसेल तर पानाचा मजकूर लिहायला घेऊ नका. एक परिच्छेदही नाही.

## टप्पा १ : आपलं नातं आधी सांगा

तुम्ही कलाकाराचे मुलगा, सून, विद्यार्थी, प्रकाशक किंवा सत्कार समितीचे सदस्य असाल तर तो हितसंबंध झाला. त्यामुळे तुमचं लिहिणं बंद होत नाही. पण आपल्या खात्याच्या सदस्य पानावर आणि लेखाच्या चर्चा पानावर नातं उघड लिहावं लागतं. पान थेट न टाकता कुणा तटस्थ संपादकाला तपासायला देणं सगळ्यात बरं. पैसे घेऊन लिहीत असाल तर तेही जाहीर करणं बंधनकारक आहे.

कलाकारानं स्वतःचं पान स्वतः लिहू नये. फोनवर हे ऐकलं की लोक नाराज होतात. तरी मी प्रत्येक वेळी सांगतोच, कारण अशा पानावर पुढे होणारी चर्चा सगळ्यांना दिसते आणि त्या माणसाच्या नावानं ती तशीच राहते.

## टप्पा २ : त्यानं नेमकं काय केलं, हे एका ओळीत लिहा

'चित्रकार' एवढ्यानं भागत नाही. चित्रकथा म्हणजे चौकटीमागून चौकट गोष्ट पुढे नेणारं काम. व्यंगचित्र वेगळं, अर्कचित्र वेगळं, गोष्टीला काढलेलं सजावटीचं चित्र वेगळं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणखी वेगळं. त्यात चित्रकथेत कामं वाटलेली असतात. कथा एकाची, पेन्सिल दुसऱ्याची, शाई तिसऱ्याची, रंग आणि अक्षरं आणखी कुणाची. 'बहादूर' ही इंद्रजाल कॉमिक्समधली मालिका १९७६ साली सुरू झाली. तिचे जनक आबिद सुरती आणि सुरुवातीचे चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला, तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा. अशा जोडकामात 'यांनी मालिका निर्माण केली' असं एकाच्याच नावावर लिहिलं की पान चुकीचं ठरतं, मग संदर्भ कितीही असोत.

आपल्या भागात बरेच जण नागपूरच्या किंवा मुंबईच्या प्रकाशकासाठी अनाम काम करत. चित्रावर सही नाही, श्रेयात नाव नाही. घरचे सांगतात, "हे बाबांनीच काढलं हाये." ते खरंही असेल. पण छापील पुरावा नसेल तर ते काम पानात येऊ शकत नाही, आणि उल्लेखनीयता ठरवताना धरताही येत नाही. वहीत त्यासाठी वेगळं पान ठेवा. पुढे कुणाच्या लेखात ते श्रेय छापून आलं तर उपयोगी पडेल.

## टप्पा ३ : शोध – घरापासून नागपूरपर्यंत

बहुतेक जण मोबाईलवर नाव टाकतात, काही दिसलं नाही की सोडून देतात. काही जण उलट टोकाला जातात आणि फेसबुकवर दिसलेलं सगळं संदर्भ म्हणून चिकटवतात. विदर्भातल्या १९६० ते २००० या काळातल्या कलाकाराविषयीचा बहुतेक मजकूर इंटरनेटवर नाही, तो कागदावर आहे. विकिपीडियाला कागदावरचा संदर्भ चालतो. लिंक हवीच असा नियम नाही. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, लेखाचं शीर्षक आणि लेखकाचं नाव दिलं की पुरे. मराठी कात्रण इंग्रजी विकिपीडियावरही संदर्भ म्हणून चालतं.

पहिलं ठिकाण : घरची फाईल. कलाकाराच्या घरी कात्रणांची एक फाईल किंवा पत्र्याची पेटी असतेच. ती आदरानं उघडा. कुठलंही कात्रण मागून नेऊ नका, तिथेच खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. आणि दोन्ही बाजूंचे घ्या.

मागची बाजू कशाला? घरच्या कात्रणांवर बहुधा तारीखच नसते. कुणीतरी कात्रीनं नेमकं चित्र आणि मजकूर कापून घेतलेला असतो, पेपरचं नावही त्यात गेलेलं असतं. अशा वेळी तारीख मागच्या बाजूवरून लागते: कापसाचे भाव, सिनेमागृहाची जाहिरात, निविदा सूचनेची मुदत, परीक्षेचा निकाल, क्रिकेटचा धावफलक. मी एकदा मागच्या निविदेची मुदत वाचून महिना काढला आणि मग त्या महिन्याच्या पेपरांची बांधलेली फाईल उलटून पान सापडवलं. अक्षराचा टाइप आणि रकान्याची रुंदी पाहून पेपर कुठला तेही जुने वाचक ओळखतात. गावातल्या निवृत्त वार्ताहराला दाखवा. काही जणांना नुसत्या मथळ्याच्या वळणावरून पेपर कळतो.

खबरदारी: जुन्या कात्रणांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडते आणि अक्षरं खाते.

दुसरं ठिकाण : तालुक्याचं वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तालुक्यात अ किंवा ब वर्गाचं वाचनालय असेल तर तिथे आधी दिवाळी अंक मागा. रोजचे पेपर जागेअभावी रद्दीत जातात, दिवाळी अंक मात्र कपाटात राहतात. आपल्याला हवे असलेले दीर्घ लेख बऱ्याचदा तिथेच असतात. कलाकारानं काढलेली चित्रं नकोत, त्याच्यावर लिहिलेले लेख हवेत. अनुक्रमणिका पाहून थांबू नका. 'विदर्भातले चित्रकार' अशा एखाद्या सामाईक लेखात आपल्या माणसाला दोन परिच्छेद मिळालेले असू शकतात, आणि ते अनुक्रमणिकेत दिसत नाहीत.

तिसरं : जिल्ह्याचं ठिकाण आणि पेपरची कार्यालयं. वृत्तपत्रांच्या बांधणी केलेल्या फाईली मुख्य आवृत्तीच्या कार्यालयात असतात. 'लोकमत' दैनिक म्हणून १९७१ पासून नागपूरहून निघतो, 'देशोन्नती' अकोल्याहून. आधी फोन करा, नेमका महिना सांगा, आणि विनंतीचं पत्र सोबत न्या. 'कधीतरी ऐंशीच्या आसपास' असं सांगून गेलात तर कुणी दहा वर्षांच्या फाईली काढून देणार नाही. म्हणून घरच्या कात्रणावरून महिना काढण्याचं काम आधी करायचं.

जिल्हा पुरवण्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच तारखेच्या यवतमाळच्या अंकात असलेली बातमी नागपूरच्या अंकात नसते. संदर्भात आवृत्ती लिहिली नाही तर तपासणाऱ्याला ती सापडत नाही आणि तुमचा खरा संदर्भ खोटा ठरतो.

चौथं : नागपूर. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालचा आहे, त्याचं 'युगवाणी' हे नियतकालिक आहे. जुने अंक चाळा. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांची ग्रंथालयंही पाहा. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मराठी व्यंगचित्र, बालमासिकं, विदर्भातली वृत्तपत्रं अशा विषयांवरच्या प्रबंधात एखादं प्रकरण निघालं तर तो वजनदार संदर्भ ठरतो.

इंटरनेट शेवटी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन आहेत. कलाकारानं तिथे काय काढलं हे पक्कं करायला ते उत्तम. ऑनलाइन बातमी मिळाली की तिची प्रत लगेच इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जतन करा. ई-पेपरच्या लिंका कायम राहत नाहीत.

तपासा: वहीतल्या प्रत्येक नोंदीला तारीख आणि पान क्रमांक आहे? नसेल त्या नोंदीपुढे पेन्सिलनं फुली मारा. अशा नोंदी पुढच्या टप्प्यात नेऊ नका.

## टप्पा ४ : पाखडणी

सुपात धान्य घेतल्यासारखी सगळी कात्रणं समोर पसरा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. लिहिणारा स्वतंत्र आहे का? छापणारा भरवशाचा आहे का? मजकूर सविस्तर आहे का? तिन्हींना 'हो' मिळालं तरच दाणा, नाहीतर फोलपट. फोलपटही फेकायचं नसतं, पानातल्या एखाद्या साध्या माहितीला ते आधार देऊ शकतं. पण पान असावं की नाही, हे ठरवताना ते मोजायचं नाही.

एका फाईलचा हिशेब सांगतो. बेचाळीस कात्रणं होती. घरच्यांना वाटत होतं, एवढं पेपरात आलंय म्हणजे झालंच.

सत्तावीस कात्रणं म्हणजे कलाकाराची स्वतःची छापून आलेली चित्रं. ती त्याचं काम दाखवतात, त्याच्याविषयी कुणी काही लिहिलं असं दाखवत नाहीत. एक हजार चित्रं छापून आली असती तरी उत्तर हेच. सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, आणि समजावताना मलाही जड जातं, कारण त्या सत्तावीस चित्रांमागे माणसाच्या तीस वर्षांच्या रात्री असतात.

आठ कात्रणं सत्काराच्या, उद्घाटनाच्या बातम्यांची. 'मान्यवरांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन गौरव करण्यात आला. प्रास्ताविक अमुक यांनी, आभार तमुक यांनी.' अशी बातमी बहुधा संस्थेनं पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकावरून येते. ओळखायची खूण सोपी आहे: दोन वेगळ्या पेपरांत तेच वाक्य, त्याच क्रमात. आठपैकी सहा तर एकाच पत्रकाची रूपं निघाली. सहा ठिकाणी छापलं म्हणून सहा संदर्भ होत नाहीत.

तीन मुलाखती. मुलाखतीत कलाकार स्वतःच स्वतःविषयी बोलतो, त्यामुळे तेवढा भाग स्वतंत्र नसतो. पण मुलाखतकारानं सुरुवातीला स्वतःच्या अभ्यासानं चार परिच्छेद लिहिले असतील तर ते जमेला धरता येतात. या तिन्हींत तसं काही नव्हतं. दोन कात्रणं वाचकांच्या पत्रांची निघाली, ती मोजायची नसतात.

राहिली दोन. एक दिवाळी अंकातला चार पानांचा लेख, कलासमीक्षकानं लिहिलेला, त्यात या कलाकाराच्या रेषेविषयी आणि चौकटींच्या मांडणीविषयी विवेचन. दुसरं, त्याच्या चित्रकथा-पुस्तकाचं एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतलं परीक्षण. बेचाळिसातून दोन. पण त्या दोघांचं वजन बाकी चाळिसांपेक्षा जास्त.

आपल्याकडे हमखास फसवणारे आणखी काही प्रकार:

गौरवग्रंथ आणि स्मरणिका. जाड, देखणे, माहितीनं भरलेले. पण मित्र, शिष्य आणि नातेवाईक यांनी लिहिलेले, समितीनं छापलेले. तारखा आणि जन्मगाव यासाठी वापरा, उल्लेखनीयतेसाठी नको. कलाकाराच्याच पुस्तकाची प्रस्तावना कितीही मोठ्या साहित्यिकानं लिहिली असली तरी ती त्याच्या विनंतीवरून लिहिलेली असते.

वाढदिवसाच्या विशेष पुरवण्या. कडेला शुभेच्छुकांच्या जाहिराती दिसल्या की समजा, मजकूर त्या जाहिरातींमुळे आला आहे.

यूट्यूब वाहिन्या आणि गावोगावचे वार्ता-पोर्टल. एकाच माणसानं चालवलेलं, संपादक मंडळ नसलेलं, पैसे घेऊन बातमी लावणारं पोर्टल भरवशाचं धरलं जात नाही.

सावधान: हल्ली काही जण लेखाचा मसुदा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटकडून करून घेतात. त्यातल्या संदर्भांत न छापलेल्या लेखांची खरी वाटणारी शीर्षकं आणि तारखा येऊ शकतात. जे पान तुम्ही स्वतः डोळ्यांनी वाचलं नाही ते संदर्भात देऊ नका. असा एक खोटा संदर्भ सापडला की बाकीच्या खऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

## टप्पा ५ : कलाकारांसाठीच्या जादा कसोट्या

सर्वसाधारण कसोटीशिवाय सर्जनशील व्यक्तींसाठी इंग्रजी विकिपीडियावर काही खुणा सांगितलेल्या आहेत. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, पण मराठीतल्या चर्चेतही याच अंगानं बोललं तर मुद्दा पटकन कळतो.

समव्यवसायी त्याला महत्त्वाचा मानतात का? दुसऱ्या व्यंगचित्रकारांनी आपल्या लेखनात त्याचा प्रभाव सांगितला आहे का? चंद्रपुरात राहून व्यंगचित्रं काढणारे आणि काष्ठशिल्पं घडवणारे मनोहर सप्रे यांच्याविषयी विदर्भाबाहेरच्यांनीही लिहिलं. जिल्ह्याच्या गावी राहणं उल्लेखनीयतेच्या आड येत नाही, याचं ते चांगलं उदाहरण.

त्यानं एखादी नवी रीत आणली, आणि ती नवी आहे असं दुसऱ्या कुणी लिहिलं आहे का? त्याचं एखादं काम इतकं गाजलं का, की त्या कामावर अनेक स्वतंत्र परीक्षणं आली? इथे एक बारीक फरक आहे. कधी कधी कामाला पान मिळतं आणि माणसाला मिळत नाही. मालिकेवर भरपूर लिहिलेलं असतं, चित्रकाराविषयी फक्त नाव. मग पान मालिकेचं करा आणि त्यात त्याचं नाव मानानं घ्या. त्याचा भाऊ आमदार आहे, गुरू प्रसिद्ध आहेत, यानं उल्लेखनीयता त्याच्याकडे चालत येत नाही.

प्रदर्शनाबाबत: मोठ्या शहरातलं नावाजलेलं दालनही भाड्यानं मिळतं. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन भरलं एवढ्यावर कसोटी पार होत नाही. प्रदर्शनाचं स्वतंत्र समीक्षण आलं का, किंवा संग्रहालयांनी चित्रं कायमच्या संग्रहात घेतली का, ते पाहा.

पुरस्कारांच्या बाबतीत कठोर राहा. गडचिरोलीचे झाडीपट्टी रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. असा सन्मान एकटाच बरंच वजन धरतो, कारण तो देणारी यंत्रणा आणि त्याची नोंद दोन्ही सार्वजनिक आहेत. पण 'राज्यस्तरीय कलारत्न' नावाचे पुरस्कार आपल्याकडे गावोगाव दिले जातात, काहींना तर प्रवेशशुल्क असतं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेविषयी त्या संस्थेशिवाय दुसऱ्या कुणी लिहिलं आहे का? नसेल तर तो मोजू नका. शुल्क भरून मिळणारी विक्रमांची प्रमाणपत्रंही तशीच.

## टप्पा ६ : निर्णय

वहीत आता फक्त दाणे राहिले. वेगवेगळ्या लेखकांचे, वेगवेगळ्या प्रकाशनांतले तीन सविस्तर, स्वतंत्र संदर्भ असतील तर पान करा. 'तीन' हा लिखित नियम नव्हे, चर्चेत टिकणारा अंदाज आहे. दोन भक्कम असतील तर आणखी एकदा वाचनालय गाठा. एक असेल किंवा एकही नसेल तर आत्ता पान करू नका.

मन वळवणारे विचार याच वेळी येतात. 'अमुकचं पान आहे, त्याला तर एवढेही संदर्भ नाहीत.' दुसरं कमकुवत पान आहे म्हणून आपलं टिकत नाही, उलट चर्चेत दोन्ही निघू शकतात. 'वय झालंय, लवकर करायला हवं.' हा विचार मला सगळ्यात जास्त हलवतो. पण घाईनं केलेलं पान त्याच माणसाच्या डोळ्यांदेखत निघतं. ते मी पाहिलं आहे.

तपासा: कलाकाराला न ओळखणाऱ्या एखाद्या मित्राला ते दोन-तीन लेख वाचायला द्या. फक्त त्यातून त्याला कलाकाराची एक पानभर ओळख लिहिता येते का? त्याला तुम्हाला विचारून गाळलेल्या जागा भराव्या लागल्या, तर संदर्भ अपुरे आहेत.

## टप्पा ७ : 'हो' असेल तर – धूळपाटीवर

पान थेट मुख्य विभागात टाकू नका. आपल्या धूळपाटीवर, म्हणजे खात्याच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर, लिहा. आधी संदर्भ मांडा आणि प्रत्येक संदर्भाखाली त्यातून निघणारी वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा. संदर्भाला लटकलेलं नाही ते वाक्य काढा. अशानं पान लहान होईल. दहा ओळींचं भक्कम पान चांगलं.

विशेषणं गाळा. 'सिद्धहस्त', 'हरहुन्नरी', 'कलेचे उपासक', 'विदर्भाचे भूषण' हे शब्द दिसले की वाचणारा प्रचालक सावध होतो. नावामागे-पुढे 'श्री', 'सर', 'गुरुजी' नको.

जिवंत व्यक्तीबाबत नियम कडक आहेत, असायलाच हवेत. संदर्भाशिवाय वादग्रस्त वाक्य लगेच काढलं जातं. घरचा पत्ता, मोबाईल नंबर, मुलाबाळांची नावं, जात, आजारपण यांपैकी काहीही टाकू नका, घरच्यांनी आग्रह केला तरी.

चित्रं चढवताना फार चुका होतात. भारतात चित्रावरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं टिकतो. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. मग हयात कलाकाराची चित्रकथा मोबाईलनं फोटो काढून 'माझं काम' म्हणून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसाठ्यावर, टाकणं चूकच. शाळेच्या भिंतीवरच्या चित्राचंही तसंच. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाला आणि वास्तूला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जी सूट आहे, ती भिंतीवरच्या चित्राला नाही. हक्क ज्याच्याकडे आहे त्यानं स्वतः ईमेलनं मुक्त परवाना द्यावा. त्याआधी त्याला नीट समजावून सांगा, की या परवान्यानं कुणीही ते चित्र विकण्यासाठीसुद्धा वापरू शकेल आणि तो मागे घेता येत नाही. कलाकाराचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो मात्र तुम्ही देऊ शकता, त्याच्या संमतीनं.

पान काढण्याची सूचना लागली तर घाबरू नका आणि दहा जणांना खाती उघडून 'पान ठेवा' लिहायला लावू नका. इंग्रजीत अशी चर्चा किमान सात दिवस चालते. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे पाहतात. आपले तीन संदर्भ तारीख, आवृत्ती, पान क्रमांकासह चर्चेत मांडा आणि प्रत्येकात कलाकाराविषयी किती मजकूर आहे ते लिहा. वहीतला सहावा रकाना इथे कामी येतो.

## टप्पा ८ : 'नाही' असेल तर

घरच्यांना फोनवर सांगू नका, जाऊन सांगा. मी वही सोबत नेतो आणि 'बाबांची कला कमी पडली' असा अर्थ निघणार नाही याची काळजी घेतो. बाहेरच्या कुणी अजून त्यांच्यावर लिहिलेलं नाही, ती उणीव लिहिणाऱ्यांची आहे, हे स्पष्ट बोलतो. "मग आता काय करायचं, भाऊ?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं.

गावाच्या पानावर, 'उल्लेखनीय व्यक्ती' भागात नव्हे तर शाळेच्या किंवा सांस्कृतिक जीवनाच्या परिच्छेदात, एक संदर्भासह वाक्य येऊ शकतं. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसाठ्यावर अटी सैल आहेत. गंभीर, सार्वजनिक संदर्भानं ओळख पटत असेल तर तिथे कलाकाराची नोंद होऊ शकते, आणि त्याची पुस्तकंही जोडता येतात.

पण खरं काम विकिपीडियाबाहेर आहे. जिल्ह्यातल्या मराठी विभागाच्या प्राध्यापकाला, कलासमीक्षकाला, रविवार पुरवणीच्या संपादकाला ही फाईल दाखवा. त्यांना वाटलं तर ते स्वतंत्रपणे लिहितील. काय लिहायचं ते तुम्ही सांगू नका, मजकूर तयार करून देऊ नका, नाहीतर तो स्वतंत्र राहत नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं प्रबंधाला हा विषय घेतला तर त्याहून चांगलं. कलाकाराची मुलाखत ध्वनिमुद्रित करून ठेवा. तोंडी माहिती संदर्भ म्हणून घेण्याचा एक प्रयोग २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता, पण अजून ती नेहमीच्या संदर्भासारखी चालत नाही. तरीही पुढच्या अभ्यासकाला हे मुद्रण लागेल.

फाईलच्या सगळ्या पानांच्या स्कॅन प्रती करून एक संच घरी, एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. मूळ चित्रं आम्लरहित कागदात गुंडाळा. तो मिळाला नाही तर सुती कापडात. पेटी जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात ओल चढते आणि वाळवी लागते. वही मात्र स्वतःजवळ ठेवा आणि दिवाळी अंक आले की दरवर्षी एकदा वाचनालयात जाऊन अनुक्रमणिका आणि सामाईक लेख चाळा. माझ्या गुरुजींच्या वहीत सध्या दोन नोंदी आहेत. यंदाचे अंक वाचनालयात आले की तिसरी शोधायला जाणार आहे.